ठमीचा डावा कान

खाली कारखान्यातलं मशीन बंद झालं की वरचा आवाज ऐकू यायचा. टक् टक् टक् टक्. ठमी कान खाजवतेय आणि तिच्या मागच्या पायाची नखं लाकडी जमिनीवर आपटतायत. एवढीशी मांजर, पण तो आवाज माझ्या दाढेत जाऊन बसायचा. हातातली चौकट टाकून मी जिना चढायची. बघते तर ठमी पलंगाखाली मान वाकडी करून बसलेली, डावा कान आडवा पडलेला, कानामागचे केस झडून कातडी लालबुंद. "अगं बास कर" म्हटलं की क्षणभर थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा सुरू.

ठमी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. फोटोंच्या चौकटी बनवायचा आमचा धंदा त्यांनीच उभा केला. लाकडी पट्टीचा तिरका काप त्यांच्या हातचा असा बसायचा, की जोडावरून नख फिरवलं तरी कुठे अडकत नसे. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सगळे शब्द गेले आणि एकच उरला, 'नको'. चहा देऊ? नको. आणि डावा हात पेल्यासाठी पुढे. पंखा लावू? नको. आणि वारा आला की समाधानाने डोळे मिटायचे. त्यांचे डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. आम्ही काय, आज्ञाधारक. नाही लावत बसलो.

पण माणूस अलीकडे हातातून निसटायला लागला होता. दिवसभर झोप. घास तोंडात तसाच धरून झोप. फक्त ठमी छातीवर चढली की डोळे उघडायचे, डावा हात उचलायचा, तिच्या दोन कानांच्या मधे अंगठा फिरायचा. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, की यांचं अर्धं औषध म्हणजे ही मांजर, तिला जपा. आणि आता तिच्या कानाला हात लागला की ती फिस्कारून पळायची. मामंजींचा हात तसाच हवेत राहायचा, मग पांघरुणावर पडायचा.

आता घराची रचना सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाली कारखाना. वर मधोमध मामंजींची खोली. तिच्या एका दाराला आमचा संसार, दुसऱ्या दाराला धाकट्या दिराचा. धाकटी जाऊ आणि मी, आमच्यात विस्तव जात नव्हता. भांडणसुद्धा नाही हो, भांडायला बोलावं लागतं. मामंजी पडले त्या दुपारी आमचे हे माल पोचवायला गेले होते आणि मी खाली मशीनवर पट्ट्या कापत होते. त्या मशीनचा आवाज असा, की शेजारी तोफ उडाली तरी कळू नये. मामंजींनी हाक मारली असेल नसेल, देव जाणे. तर दवाखान्याच्या बाकावर, चार माणसांत, धाकटी म्हणाली, की मशीन बंद करून एकदा वर डोकवायला काय झालं होतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. तीही काही कमी नाही, तिनेही टाकलं.

पण मामंजींचं करायला हवं. मग नवऱ्यांच्या मध्यस्थीने पाळ्या ठरल्या. सकाळपासून दुपारपर्यंत मी. ती शाळेच्या ऑफिसातून आली की ती, रात्रीच्या जेवणापर्यंत. एक दार वाजलं की दुसरं लागायचं. तिला काही सांगायचं असेल तर मी यांना सांगायची, हे भावोजींना, भावोजी तिला. वाटेत निरोपाचं काय व्हायचं ते विचारू नका. 'मामंजींची उशी उन्हात टाक' हा निरोप एकदा 'मामंजींना उन्हात बसव' होऊन पोचला होता.

ठमीच्या कानाचं आधी आम्हाला वाटलं, काच. चौकटींच्या काचा कापताना चुरा उडतो, ही त्यातून हिंडते, गेला असेल एखादा कण. मी तिचं खाली येणं बंद केलं. फरक नाही. मग पॉलिशच्या वासाची शंका आली, मग पिसवांची. अंथरुणं उकळून काढली, पलंग हलवला, ठमीची टोपली जाळली. शेवटी तिला पिशवीत घालून मांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तुटक बोलणारी, पण हात हलका. कानातला काळा मळ काचेवर घेऊन तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मलाही बघायला लावला. बारीक किडे वळवळत होते. मला शिसारी आली आणि हायसंही वाटलं. चोर सापडला होता. तिने थेंबांची बाटली दिली, रोज सकाळी घालायचे. निघताना तिने विचारलं, कानात आणखी कोणी काही घालतं का? मी म्हटलं, छे, घरात तिचं करणारी मी एकटीच.

थेंब घालायला लागले आणि मामंजींनी नवंच काढलं. त्यांच्याच खोलीत, खिडकीपाशी, ठमीला टॉवेलात गुंडाळून मी बाटली उघडली की ते डाव्या हाताने पलंगाची कड बडवायला लागायचे. "नको. नको. नको." चेहरा लाल, कपाळावर शीर. पहिल्यांदा मी घाबरले. मग वाटलं, लाडक्या मांजरीचे हाल बघवत नाहीत बिचाऱ्यांना. "मामंजी, तिच्या भल्यासाठीच आहे," असं म्हणून मी काम उरकायची. एकदा त्यांनी हात मारून बाटलीच उडवली. मी त्यांच्यावर ओरडले. फार तडफड केली तर द्यायला डॉक्टरांनी त्यांना शांत राहायची गोळी लिहून दिली होती, दिवसातून एकदाच आणि गरज पडली तरच. थेंबांनंतर ती द्यायचीच वेळ यायची. गोळी गेली की ते झोपायचे आणि मी खाली कामाला जायची.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. किडे कधीच मेले होते, एकही नव्हता. पण कान पहिल्यापेक्षा वाईट. आतून भाजल्यासारखा लाल, ओला, सुजून बीळ बंद व्हायला आलेलं. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी माझ्या डोळ्यांत बघत विचारला. मला राग आला. मी काय खोटं बोलते? घरात तिला हात लावणारी मी, जपणारी मी. तसं मी ठसक्यात सांगितलंही. तिने थेंब बदलून दिले. तिसऱ्या खेपेला मात्र तिने आधी हात धुतले. मग म्हणाली, की इतकं करूनही वाढतंय म्हणजे खोल आत गाठ असावी. भूल देऊन बघावं लागेल, असेल तर कानाची नळी काढावी लागेल. त्या कानाने तिला ऐकू येणार नाही. आणि हिच्या काळजाच्या ठोक्यात आधीच घरघर आहे, भुलेतून ही उठेलच असं मी वचन देत नाही.

मी पिशवी छातीशी धरून घरी आले. ठमी आतून खाजवत होती, पिशवी हलत होती. मला एकच दिसत होतं. मामंजी डोळे उघडणार, हात उचलणार, आणि छातीवर काही नसणार. तो माणूस मग डोळे उघडणार तरी कशाला?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ठमीला संध्याकाळपासून उपाशी ठेवायचं होतं. पोटात काही असलं तर भुलेत जिवावर बेतू शकतं, असं बाईने बजावलं होतं. म्हणजे धाकटीच्या पाळीत. मी यांना सांगितलं, यांनी भावोजींना सांगितलं, भावोजींनी मान डोलावली. आणि माझा जीव टांगणीला लागला. त्या निरोपावर मी मांजरीचा जीव सोपवू? उशीचं काय झालं होतं ते डोळ्यांसमोर आलं. तिच्या दारात जाऊन दोन शब्द बोलायचे, एवढंच होतं. ते माझ्याने झालं नाही. त्याऐवजी दिवे लागायच्या सुमाराला मी मामंजींच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागे, चोरासारखी उभी राहिले. या वयात. ठमीच्या खाण्याची बशी वाजली की आत घुसायचं, असं ठरवून.

बशी वाजली नाही. धाकटी आली, तिने दोन्हीकडची दारं लावली, खिडकी लावली, गॅलरीचं दार तेवढं उघडं राहिलं. मग पलंगाखाली वाकून ठमीला ओढून काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. पर्समधून एक बाटली काढली. माझी नव्हे, निळ्या झाकणाची, मोठी. काडीला कापूस गुंडाळलेला. ती काडी बाटलीत बुडवून तिने ठमीच्या डाव्या कानात खोल घातली आणि फिरवली. ठमी किंचाळली. स्पिरिटचा वास गॅलरीपर्यंत आला. आणि मामंजींनी पलंगाची कड बडवायला सुरुवात केली.

"नको. नको. नको."

"झालं, मामंजी, झालंच," धाकटी म्हणत होती. "तिच्या भल्यासाठीच करतेय ना मी."

माझेच शब्द. अगदी माझेच.

चादर बाजूला करून मी आत गेले. "थांब," म्हणाले. दवाखान्यातल्या त्या बाकानंतर मी तिला उद्देशून उच्चारलेला तो पहिला शब्द. धाकटी दचकली, काडी खाली पडली. मग तिने मान वर केली आणि डोळे बारीक केले.

"कान साफ करतेय," ती म्हणाली. "रोज करते. कोणीतरी करायलाच हवं ना. तुम्हाला कुठे वेळ आहे मशीनमधून."

मशीनचं नाव काढलंन. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिथेच तिचा उद्धार केला असता. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मामंजी अजून बडवत होते. त्यांच्याकडे पाहिलं तर ते ठमीकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते, मग तिच्याकडे, पुन्हा माझ्याकडे.

मी आमच्या स्वयंपाकघरात गेले, माझी थेंबांची बाटली आणली आणि तिच्या निळ्या झाकणाच्या बाटलीशेजारी मामंजींच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" तिने विचारलं.

"कानात घालायचे थेंब. मी रोज सकाळी घालते."

तिने बाटली उचलली, वाचली, खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तिच्याकडे कोणी बघतच नाही," ती हळूच म्हणाली. बाजारातल्या औषधवाल्याने तिला ते कान धुवायचं पाणी दिलं होतं. मळ निघेपर्यंत रोज घाला म्हणाला होता. मळ निघत होता. निघणारच, सकाळी मी ओतलेलं ती संध्याकाळी खरवडत होती. तिने सोलायचं आणि मी त्या सोललेल्यावर औषध ओतायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काच शोधली, पिसवा शोधल्या, उद्या चाकू लावून गाठ शोधणार होतो.

पलंगाची कड बडवायचं थांबलं होतं. मामंजी दोन बाटल्यांकडे बघत होते, छाती वरखाली होत होती. "नको," ते म्हणाले. अगदी हळू, दमलेल्या माणसासारखं.

"फार त्रास झाला हो आज त्यांना," धाकटी म्हणाली आणि सवयीने तिचा हात पर्समध्ये गेला. तिने गोळ्यांची एक पट्टी काढली, अंगठ्याने एक गोळी फोडली. मी त्या पट्टीकडे बघत राहिले. ती पट्टी मला ओळखीची होती.

"ही कुठली गोळी?"

"शांत राहायची. डॉक्टरांनी लिहून दिलीय ती. कान साफ केला की हे रोज अशीच तडफड करतात, मग देते एक. एकच, ताई. जास्त नाही."

मी पट्टी तिच्या हातातून घेऊन नाव वाचलं.

"मी सकाळी देते," मी म्हणाले.

धाकटीच्या तळहातावर ती गोळी तशीच होती. पलीकडे मामंजी डोळे उघडे ठेवून पडले होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमच्या पाहुण्याला दोन्ही दारांतून गुंगी वाढली जात होती. आणि आम्ही दोघी, आपापल्या नवऱ्यापाशी, मामंजी आता फार दिवसांचे नाहीत म्हणून डोळे पुसत होतो.

"ताई," धाकटीचा आवाज फाटला, "त्या दिवशी दवाखान्यात मी जे..."

"ते राहू दे," मी म्हणाले. "आधी फोन लाव."

मामंजींच्या डॉक्टरांनी फोनवरच आमची खरडपट्टी काढली. गोळी बंद, श्वासावर लक्ष ठेवा, उद्या मी स्वतः येतो. डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. तिलाही सगळं सांगितलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "दोनदा."

"हो," मी म्हणाले.

तिने ऑपरेशन पुढे ढकललं, रद्द केलं नाही. कानाला नख लागू नये म्हणून गळ्यात रुंद कॉलर घालायची आणि कानात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आठवड्याभरात उतार पडला नाही तर गाठ आहे असं धरून चालायचं. हे आणि भावोजी घरी आले तेव्हा आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसलेल्या बघून दोघे दारातच थबकले. मी सगळं सांगितलं. हे कपाळाला हात लावून बसले. भावोजी मात्र चुळबुळ करायला लागले. खोदून विचारल्यावर कबूल झाले, की सुट्टीच्या दिवशी तेही ठमीच्या कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडत होते. आम्ही डोळ्यांत तेल घालून मांजरीला जपत होतो आणि भावोजी ते तिच्या कानात घालत होते. धाकटी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. ज्या हातांना रोज काहीतरी करायची सवय, त्यांना नुसतं बसायला लावणं ही शिक्षाच. मी खाली मशीन सारखं बंद करायची आणि कान देऊन ऐकायची. टक् टक् यायचंच. कॉलरवर नखं घासल्याचा नवा आवाजही यायचा. वर गेले की बहुतेक वेळा धाकटीही तिच्या दारात उभी असायची, ऑफिसातून आलेली, खांद्यावर पर्स तशीच. "आज कमी वाटतंय का हो?" ती विचारायची. मला कळायचं नाही. मामंजी मात्र जागे असायला लागले होते. पहिले दोन दिवस फार चिडचिडे, मग नुसतेच जागे, खिडकीतून रस्ता बघत.

एका दुपारी मी मशीन बंद केलं आणि वरून काहीच आलं नाही. वाट पाहिली. काही नाही. हातातली पट्टी टाकून मी जिना धावत चढले.

ठमी मामंजींच्या छातीवर पसरली होती. कॉलर एका बाजूला कललेली, डावा कान सरळ उभा, कोरडा, कानामागे बारीक लव आलेली. मामंजींचा अंगठा त्या कानाच्या मुळाशी फिरत होता आणि ती घुर्रघुर्र करत होती. जिन्यावर माझ्या पावलांचा आवाज झाला तसा तिचा डावा कान माझ्याकडे वळला. फक्त डावा. माझ्या जिवात जीव आला.

धाकटी पलीकडच्या दारात होती. तिने तोंडावर हात घेतला होता. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मशीन चालू असताना ऐकू येत नाही, ताई. मला तेव्हाही माहीत होतं."

मी मान हलवली. ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते ऐकलं, आणि मी मामंजींचं दूध आणायला गेले. रोजच्यासारखं कोमट, पेलाभर. अशक्तपणावर बरं म्हणून मी झटका आल्यापासून ते एकदाही चुकवलं नव्हतं. उशी वर करून मी पेला त्यांच्या ओठांशी नेला.

"नको," मामंजी म्हणाले.

मी पेला कलता करणार होते. रोज तेच करायची. पण माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. चहाला तो पुढे येतो. आत्ता तो ठमीच्या पाठीवर घट्ट बसला होता, ओठ मिटलेले होते आणि मान भिंतीकडे वळत होती.

"नको म्हणजे नको, मामंजी?"

ते माझ्याकडे वळले. मग धाकटीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "नको," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ताई," धाकटी दारातून म्हणाली, "मीही देते त्यांना दूध. रोज संध्याकाळी."

मी पेला उचलला आणि स्वयंपाकघरात आले. ओट्याशी उभी राहून ते दूध स्वतःच प्यायला लागले, वाया कशाला घालवायचं म्हणून. अर्ध्यावर मला रडू आवरेना.